ओटीतला दगड

श्रीखंडाच्या पातेल्यावर माश्या बसल्या होत्या, समोर वीसेक म्हातारी माणसं भरलेली ताटं घेऊन बसली होती आणि कोणालाही ताटाला हात लावायची परवानगी नव्हती. ते आठवलं की मला अजून मळमळतं. पण मधूनच सुरू केलं तर पल्लवी म्हणेल, "स्नेहल, तू नेहमी शेपटीकडून गोष्ट सांगतेस." म्हणून आधी डोकं सांगते.

मी सापगावची, दहावीत, शाळा शहापूरला. ऑगस्टमध्ये तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मी दुसरी आले. त्याआधी मी वर्गात पाणी प्यायला जायचं असलं तरी हात वर करत नव्हते. बक्षिसाची ढाल मिळाली आणि काहीतरी सुटलंच. आता मी एसटीच्या कंडक्टरशी भांडते, वाण्याशी भांडते, गणिताच्या सरांनाही "सर, तुमचं चुकलंय" म्हणते. आई म्हणते, "हिला ढाल दिली का दुसरं तोंड दिलं, काय कळत नाय." त्यामुळे अनिता सिस्टर शाळेत आल्या आणि "वृद्धाश्रमात वजन-उंची घ्यायला कोण येणार?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा पहिला हात माझा. दुसरा पल्लवीचा, तोही मीच धरून वर केला.

अनिता सिस्टर कल्याणच्या एका संस्थेत आहेत. म्हाताऱ्या माणसांना पुरेसं अन्न अंगाला लागतंय का, हे त्या आश्रमाआश्रमांत जाऊन तपासतात. त्यांनी आम्हाला वजन कसं करायचं ते शिकवलं आणि दंडाला टेप कशी लावायची तेही. अंगणवाडीत बाळांच्या दंडाला लावतात ना, तसलीच रंगीत पट्टी, फक्त मोठी. लाल भागात आलं की धोका.

मी विचारलं, "पण सिस्टर, म्हातारपणी माणूस वाळतोच ना?"

"हेच सगळे म्हणतात," सिस्टर म्हणाल्या. "म्हणून तर कोणी मोजत नाही."

नोव्हेंबर होता. भातं कापून झाली होती, शेतं बोडकी, सकाळी चांगला गारठा. आम्ही मुरबाडकडे जाणाऱ्या जीपमध्ये दाटीवाटीने बसलो आणि पूल ओलांडून पुढे फाट्यावर उतरलो. आश्रम म्हणजे गुलाबी रंगाचा बंगला. पुढे बाग. बागेच्या कडेने दगड मांडलेले, एक गेरूचा, एक चुन्याचा, एक गेरूचा, एक चुन्याचा. मधूनमधून दगड गायब होते, तिथे नुसते ओले खड्डे. गेटवर बॅनर लावला होता: कुणा कैलासवासी वडिलांच्या स्मरणार्थ मिष्टान्न भोजन. वडिलांचा फोटो कोपऱ्यात एवढासा आणि जेवण देणाऱ्या शेठचा मधोमध, हात जोडून, गॉगल लावून. स्मरण नेमकं कोणाचं होतं, ते बॅनरकडे बघून तरी कळत नव्हतं.

व्यवस्थापक शामसर धावत पुढे आले. केस ओले, अत्तर इतकं की माझ्या डोळ्यांना पाणी.

"या मॅडम, या बाळांनो! आमच्याकडे कसली तपासणी करता? इथे उपासमार? रोज कोणाचा तरी वाढदिवस, कोणाचं तरी पुण्यस्मरण. आमच्या आजीआजोबांना पक्वान्नांचा कंटाळा आलाय, कंटाळा!"

आणि मोबाईल काढून त्यांनी फोटो दाखवले. जिलेबी, बासुंदी, गुलाबजाम. प्रत्येक फोटोत तेच म्हातारे चेहरे आणि हातात भरलेली ताटं. चावताना मात्र एकही जण दिसत नव्हता.

वजनाचं काम व्हरांड्यात सुरू झालं. मी काट्याजवळ, पल्लवी टेप घेऊन, सिस्टर खुर्चीत लिहायला. सिस्टरांनी सांगितलं, स्वेटर काढा, शाली काढा, चपला काढा. सगळे कुरकुरत तयार झाले.

पहिले सोमा आजोबा. म्हणजे काय सांगू, शेतात पाखरं हाकायला बुजगावणं उभं करतात ना, त्याला बंडी घातल्यासारखे. पण काट्यावर चढले आणि वजन चांगलं आलं.

"बघितला?" आजोबा छाती काढून म्हणाले. "पेहलवान!"

मागून एक आजी फिस्कारली. "पेहलवान कसला! उठताना धोतर सुटतो, तो मी सांगते तवा धरतो."

"तू तिकडं बघतेस कशाला गो धोंडे?"

"बघाला काय सिनेमा लागलाय? तूच म्होरं येऊन उभा ऱ्हातोस!"

धोंडाबाई हे त्या आजीचं नाव. त्या दोघांचं हे रोजचंच, असं शेजारची आजी म्हणाली. मग धोंडाबाई स्वतः आली. बारीक, वाकलेली, पण कमरेला दोन्ही हात धरून पाय फाकवून चालत होती, पोटुशी बाई चालते तशी. तिचंही वजन चांगलं. पुढच्यांचंही.

सिस्टर खूश झाल्या. "आधीच्या टीमने लिहिलंय त्यापेक्षा बरंच बरं आहे."

"बोललो ना मी!" शामसर.

पण पल्लवी माझ्याकडे बघत होती. तिने धोंडाबाईच्या दंडाला पट्टी लावली होती आणि पट्टी फिरत होती. मांस असं नव्हतंच. कातडं सैल, हाडावरून सरकणारं, जुन्या पिशवीसारखं. पट्टी लाल. सोमा आजोबांची लाल. त्यानंतरच्या आजींची लाल.

"पोरींनो, टेप जास्त ओढताय," सिस्टर म्हणाल्या.

आम्ही सैल धरली. तरी लाल. मग मी म्हटलं काटाच बिघडलाय, आणि स्वतः चढले. माझं वजन किती ते मी इथे सांगणार नाही, पण काटा खोटं बोलत नव्हता.

तेवढ्यात धोंडाबाई म्हणाली, "पोरी, हात दे. मोरीला जाचा हाय."

मोरी कुठे, तर बंगल्याच्या मागे, पायऱ्या उतरून. धरायला कठडा नाही. पायऱ्यांवर शेवाळ. दार उघडायच्या आधीच वास अंगावर आला, मी ओढणी नाकाला लावली आणि लगेच काढली, कारण आजी बघत होती. आत पाणी तुंबलेलं, त्यात काय तरंगत होतं ते मी लिहिणार नाही. पुढे गुलाबी रंग आणि मागे हे! जे लोक पुढे फोटो काढतात त्यांच्यातला एकही कधी मागे आला नसणार.

"संध्याकाळचा आमी पानीबी नाय पीत," आजी म्हणाली. "अंधारात इथं कोन उतरणार? जेवला तर उतराला लागतो. मग नाय जेवत."

इतकं साधेपणाने म्हणाली की जणू आज बाजार नाही म्हणून भाजी नाही.

परत चढताना तिचा पाय सरकला. मी दंडाला धरलं, आणि तिच्या कमरेतून धप्पकन काहीतरी पडलं, माझ्या अंगठ्याच्या इतकं जवळ की मी किंचाळले. दगड. बागेतला, चुन्याचा. आजीचं लुगडं कमरेला पांढरं झालेलं.

मी बोटाने दगड दाखवला.

"हे काय गं आजी?"

"दगड. कवा बघला नायस?"

"ओटीत कशाला बांधलास?"

ती पायरीवरच टेकली. "तुझी ती बाई वजन लिवते ना. मागं अशीच एक टोळी आलती. कोंडूच्या नावाम्होरं 'अशक्त' लिवला. दुसऱ्या दिशी शामनी त्याचा बोचका बांधला आन् जीपमदी बसवला. म्हनाला, चालता-फिरता असल तवर इथं, मग घरच्यानी न्याचा. कोंडूला घरचा कोन व्हता? एक पोरगा, त्यो बी दारूत. त्याच्यापुढं काय झाला ते कोनाला ठाव नाय."

"म्हणून सगळ्यांनी दगड बांधले?"

"ज्याला उचलवला त्यानी. सोमाची आयडिया."

मला हसू येत होतं आणि त्या हसण्याची लाजही वाटत होती. माणसं उपाशी राहून राहून काड्या झालीत आणि आपण काड्या झालोत हे लपवायला त्यांनी त्याच काड्यांनी दगड उचलले. आणि कागदावर सिस्टर लिहिणार: प्रकृती उत्तम. म्हणजे शामसरांना सर्टिफिकेटच!

"आजी, तू खरंच वाळलीयस गं. नुसती हाडं लागली हाताला."

"ते मला काय सांगतेस? मी माझ्याच अंगात ऱ्हाते."

"मग खात का नाहीस?"

"काय खाऊ? दात हायत का?" तिने तोंड उघडून दाखवलं. खाली एक सुळा, बाकी सपाट. "रोज पुरी. पुरी चघळता चघळता ताट उचलतात. वरनं गोड. गोड खाऊन जीब मेली माझी. एकदा म्हटला, जरा सुकट द्या भातावर. तर शाम म्हनतो, दानी लोकाना वास येतो. ज्या दिशी दानी नाय त्या दिशी पिवळा पानी, त्याला खिचडी म्हनतात."

"तू सिस्टरांना हे सांग ना."

"आन् भाच्याकडं जाऊ?" तिने माझं मनगट धरलं. हाताला चुना लागला. "तिथं शेळ्यांच्या गोठ्यात खाट व्हती माझी. त्याचा नाय काय, शेळ्या गरम असतात. पन त्या घरात कोनी मला नावानी हाक मारीत नाय गो. 'तिला टाकला का जेवान', 'तिची खाट सरकव'. ती, ती. इथं सोमा भांडतो, पन नाव घेऊन भांडतो. मला इथंच ऱ्हाचा हाय. सांगू नको कोनाला. शपथ घे."

मी शपथ घेतली नाही. पण सांगितलंही नाही. दगड उचलून तिच्या हातात दिला, तिने तो परत ओटीत खोचला, आणि आम्ही वर आलो. ऑगस्टनंतर पहिल्यांदा मला काय बोलावं ते कळत नव्हतं. सांगितलं तर आजी गोठ्यात. नाही सांगितलं तर इथेच वाळत जाणार, हळूहळू, पक्वान्नं समोर ठेवून.

वर पंगत मांडली होती. शेठ अजून आले नव्हते, पण ताटं वाढून तयार, कारण शामसर म्हणाले की आल्याबरोबर फोटो, मग उशीर नको. शेठचा फोन आला, पडघ्याला ट्रॅफिक आहे. मग परत आला, अजून ट्रॅफिक आहे. पुऱ्या आधी फुगलेल्या होत्या, मग बसल्या, मग वातड झाल्या. बटाट्याच्या भाजीवर तेलाची साय धरली. श्रीखंड पाघळून ताटभर पसरलं आणि त्यात एक माशी रुतून पाय हलवत होती. मी ती काढायला हात पुढे केला तर शामसर ओरडले, "ए, ताटाला हात नको!"

सिस्टर म्हणाल्या, "अहो, दुपार झाली. सुरू करू द्या त्यांना."

"मॅडम, देणाऱ्याची भावना असते."

सोमा आजोबा बसल्या बसल्या डुलक्या घेत होते. त्यांचं नाक श्रीखंडाला टेकणार इतक्यात धोंडाबाईने कोपर मारलं. "ऊठ मेल्या, अजून मेला नायस."

शेवटी दोन गाड्या आल्या. शेठ, शेठाणी आणि त्यांचा मुलगा अक्षय मोबाईलच्या स्टँडसकट. बूट घालूनच पंगतीतून गेले. शेठांनी भाषण केलं. आता भाषणातलं मला कळतं. वाईट होतं. "हे सगळे माझे आईवडीलच आहेत," असं ते म्हणाले, आणि आईवडिलांपैकी कोणाचंही नाव त्यांनी विचारलं नाही. शामसर मघाशी "ए धोंडाबाई, सरक" म्हणत होते, ते आता "आमच्या लाडक्या आजी" म्हणायला लागले. मग वडिलांच्या फोटोला हार. मग प्रार्थना. मग परत प्रार्थना, कारण पहिल्या वेळी अक्षयचा मोबाईल आडवा होता.

मग शेठ चमचा घेऊन धोंडाबाईसमोर बसले. पुरीचा तुकडा, त्यावर श्रीखंडाचा गोळा.

"आजी, आ करा. आऽऽ."

तिने तोंड उघडलं.

"पप्पा, लाईट नव्हता."

परत चमचा. पहिला घास अजून तोंडातच होता, ती हिरड्यांनी तो फिरवत होती.

"आजी, वर बघा. हसा जरा!"

तिसरा चमचा. तिचे गाल फुगले, डोळे मोठे झाले, आणि मग असा ठसका लागला की सगळं, पुरी, श्रीखंड, लाळ, शेठच्या पांढऱ्याशुभ्र कुर्त्यावर.

"शीऽऽ! अरे काय हे!" शेठ टुणकन उठले. शेठाणीने नाकाला रुमाल लावला. "ईऽऽ, पुसा ते, पुसा!"

ज्याने तोंडात कोंबलं त्यालाच किळस आली! मला त्याची आली. त्याच्या कुर्त्याची, त्याच्या चमच्याची, त्या अक्षयची, जो अजूनही शूट करत होता. सिस्टर आजीच्या पाठीवर थोपटत होत्या, पल्लवी पाणी आणायला पळाली. आजीचा श्वास परत आला, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आणि शामसर मोठ्याने म्हणाले, शेठना ऐकू जावं म्हणून, "सॉरी सर, व्हेरी सॉरी. हिला आता गिळता येत नाही. असली केस आम्ही ठेवत नाही. भाच्याला फोन लावतो, आजच घेऊन जाईल."

त्यांनी खिशातून मोबाईल काढला.

"फोन ठेवा, सर," मी म्हणाले.

आवाज स्टेजवरचा निघाला. सगळे वळले. "तिला गिळता येतं. तुम्ही कोंबलंत म्हणून ठसका लागला. मला तीन पुऱ्या एकदम कोंबल्या तर मीसुद्धा ओकेन, मला पण घरी पाठवणार का?"

"तू गप्प बस गं! शाळेची मुलगी ना तू? मॅडम, ही काय शिकवण?"

आणि पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. दगडांचं. ते सांगितलं असतं तर शामसरांचं तोंड बंद झालं असतं, हे मला माहीत होतं. पण ते आजीचं होतं, माझं नव्हतं. मी ओठ दाबून धरले. इतके, की दात रुतले.

धोंडाबाईने माझ्याकडे बघितलं. मग शामसरांच्या मोबाईलकडे. मग तिने हळूच कमरेची गाठ सोडली, दगड काढला आणि ताटात ठेवला. श्रीखंड उडालं.

"आता कर माझा वजन," ती सिस्टरांना म्हणाली. "खरा."

सिस्टर दगडाकडे बघत राहिल्या, मग लुगड्यावरच्या चुन्याकडे, मग आपल्या कागदांकडे, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांच्याकडे बघवेना.

"सोमा, तू पन काढ," आजी म्हणाली.

"माझ्याकडं काय नाय."

"बंडीच्या खिशात बघ, पेहलवान!"

आजोबांनी इकडेतिकडे बघितलं आणि बंडीच्या आतल्या खिशातून गेरूचा दगड काढला. दुसऱ्या खिशातून दुसरा. "दोन कशाला रे?" कोणीतरी विचारलं. "अंदाज नाय आला," आजोबा म्हणाले. मग पलीकडच्या आजीने काढला. मग कोपऱ्यातल्या आजोबांनी. एका आजीने काही केल्या काढला नाही. "माझा हाय तो असाच हाय," म्हणत राहिली, आणि तिच्या पोटावर तो चौकोनी उठून दिसत होता.

दगड कशासाठी ते धोंडाबाईने सिस्टरांना सांगितलं, कोंडूचं आणि मोरीचंही. सिस्टरांनी मघाचा कागद फाडला. काटा पंगतीच्या मधोमध आणला आणि पुन्हा सुरुवात केली. मी एकेकाचं वजन वाचत गेले, मोठ्याने, वक्तृत्वाच्या आवाजात, आणि वाचताना माझाच आवाज चिरकत गेला. मी सातवीत होते तेव्हा माझं वजन यापेक्षा जास्त होतं. धोंडाबाईला काट्यावर चढवलं तर काट्याला पत्ताच लागेना, म्हणून मी विचारलं, "आजी, चढलीस ना?"

"सगळे अशक्त," सिस्टर म्हणाल्या. "एक-दोन सोडले तर सगळे."

"मॅडम, हे नाटक आहे," शामसर म्हणाले. "वय झालं की माणूस वाळतोच. आणि एवढ्या आजाऱ्यांची जबाबदारी मी घेऊ शकत नाही. ज्यांना झेपत नाही त्यांनी आपापल्या घरी..."

"धाड!" सोमा आजोबा म्हणाले. बसल्याजागीच, बंडी सावरत. "आमाला सगळ्यानला धाड. आजच धाड. मंग पुढच्या रविवारी श्रीखंड कोनाला चारशील? तुझ्या म्हशीना? तशाबी त्याच खातात."

पंगतीत खसखस पिकली. त्या म्हशी बंगल्याच्या शेजारच्या गोठ्यात होत्या, शामसरांच्या स्वतःच्या. पंगत उठली की उरलेल्या पुऱ्यांची बादली तिकडे जायची. येताना मी त्या बघितल्या होत्या. गरगरीत, चकचकीत, मस्त रवंथ करत. त्यांच्या दंडाला पट्टी लावायची तर दोन जोडाव्या लागल्या असत्या.

आता शेठ पेटले. "म्हणजे तुम्ही यांना खायला घालत नाही? आम्ही इतक्या श्रद्धेने..."

"अहो, तुम्हीच सांगितलंत पुरी-श्रीखंड! मी म्हटलं होतं, वरणभात चालेल."

"वडिलांना श्रीखंड आवडायचं!"

"मग वडिलांना दात असतील!"

ते दोघं भांडायला लागले, एक अत्तराचा आणि एक श्रीखंडाचा, आणि मला खरं सांगायचं तर दोघांचीही सारखीच घाण वाटत होती. इतक्यात शामसरांचं लक्ष गेलं. अक्षयचा मोबाईल अजून चालूच होता. शामसरांनी आपला फोन गुपचूप खिशात टाकला. "बंद कर रे ते," शेठ मुलावर ओरडले. म्हणजे त्यांनाही कळलं की यात आपण चांगले दिसत नाही. त्यांना काळजी कसली होती, तर ती!

सिस्टर मात्र भांडल्या नाहीत. त्यांनी शामसरांसमोर उभं राहून शांतपणे सांगितलं, आजपासून मऊ भात, घट्ट वरण, अंडं, मासळी, जे त्यांना खाता येतं आणि खावंसं वाटतं ते. जेवण भूक लागते तेव्हा, पाहुणे येतात तेव्हा नाही. मोरी स्वच्छ, कठडा, दिवा. "मी पुढच्या महिन्यात परत येणार. यातलं कोणी इथे दिसलं नाही, तर कुठे गेलं ते विचारणार. आणि कोंडूआजोबांचा पत्ता द्या."

"तो... बघून सांगतो," शामसर म्हणाले. त्यांनी बघितलं नाही आणि सांगितलंही नाही. तो पत्ता अजून मिळालेला नाही.

मग आम्ही स्वयंपाकघरात शिरलो. पल्लवीने तांदूळ धुतले, मी कुकर लावला. पाणी दुप्पट घातलं आणि शिट्ट्या होऊ दिल्या, होऊ दिल्या, शेवटी पल्लवी म्हणाली, "आता फुटेल!" सोमा आजोबा काठी टेकत आले, दार लोटून घेतलं आणि धोतराच्या सोग्यातून कागदाची पुडी काढली. सुकट. पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी लपवून ठेवलेली.

"भाज," ते म्हणाले. "मी कुटून देतो."

तव्यावर सुकट पडली आणि वास बंगलाभर फिरला. खिडकीतून मला दिसलं, शेठाणी पदर नाकाला लावून गाडीकडे निघाल्या होत्या. "चला हो, मला उलटी होईल." पाठोपाठ शेठ, कुर्ता पुढे धरून. पाठोपाठ अक्षय, स्टँड बगलेत. कोणीही मागे वळून नमस्कार केला नाही. आईवडील ना! त्यांना कशाला निरोप घ्यायचा.

आजोबांनी पान कुटायच्या छोट्या खलात सुकट कुटली, मीठ आणि मिरचीची चिमूट घालून. मी ती मऊ भातात कालवली, वर वरण घातलं आणि ताटली धोंडाबाईसमोर ठेवली. तिने आधी वास घेतला. मग बोटांनी एवढासा घास केला, तोंडात ठेवला आणि डोळे मिटले. गिळला. दुसरा घेतला. तिसरा मोठा होता.

मी समोर मांडी घालून बसले होते. तिच्या हलणाऱ्या हनुवटीकडे टक लावून बघत होते. हे मी बघितलंच पाहिजे असं मला वाटत होतं. आपणच केलंय ना!

आजीचा हात थांबला.

"काय गो?" ती म्हणाली. "कवा कोनाला जेवताना बघला नायस?"

मी गडबडून पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड करून बसले. मागे तिच्या हिरड्यांचा चपचप आवाज येत होता, मध्येच सोमा आजोबा, "धोंडे, माझ्यासाठी ठेव जरा," आणि ती, भरल्या तोंडाने, "गप रे." मी वळले नाही.